घोड्याचा ठोका चुकला, तर घाबरायचं कधी?

मला फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "डॉक्टर, घोड्याचा ठोका मधेच थांबतो. विकून टाकू का?" सोबत छोटासा व्हिडिओ असतो, आणि त्यात हृदयापेक्षा तबेल्यातल्या पंख्याचा आवाज मोठा. माझं उत्तर ठरलेलं आहे. विकायचं नंतर बघू. आधी दुडकी चालीनं चांगला फिरवा आणि थांबवल्याबरोबर परत ऐका. चुकणारा ठोका श्रमानं नाहीसा होतो की तसाच राहतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मी घोड्यांची डॉक्टर आहे, पण त्याआधी बरीच वर्षं शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभी राहिले आहे. त्यामुळे स्टेथोस्कोप लावला की त्या आवाजामागची ऊती डोळ्यांपुढे येते. स्नायू ठणठणीत असेल की मधे वण पडला असेल? इथे त्याच क्रमानं लिहिते: कान, मग कागद, मग रक्त, आणि दुर्दैवानं घोडा गेलाच तर चाकू. घोडेमालकांसाठी, मोतद्दारांसाठी, आणि गाई-म्हशींवर हात बसलेला असताना अचानक घोडा समोर आलेल्या नव्या डॉक्टरांसाठीही.

ऐकायचं कसं

घोडा शांत हवा. चंदीच्या वेळी ऐकू नका. तोबरा दिसला की त्याचं हृदय वेग धरतं. डाव्या बाजूला उभे राहा, त्याचा डावा पुढचा पाय अर्धं पाऊल पुढे घ्या आणि स्टेथोस्कोपची चकती कोपराच्या मागे, थोडी पुढे दाबून काखेत सरकवा. लोक चकती फार मागे ठेवतात आणि मग "काही ऐकूच येत नाही" म्हणतात. हृदय कोपराच्या आड असतं, पोटाकडे नाही.

मोठ्या घोड्याचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४. इतके सावकाश, की माणसांच्या सवयीच्या कानाला प्रत्येक दोन ठोक्यांमधलं अंतरच 'चुकलेला ठोका' वाटतं. म्हणून पूर्ण दोन मिनिटं ऐका आणि ऐकताना पायानं ताल धरा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची पद्धत इथे कुचकामी आहे.

आता बारकावा. घोड्याच्या हृदयाचे चारही आवाज कानाला ऐकू येऊ शकतात, ही या प्राण्याची मौज. मोठे दोन सगळ्यांना कळतात. त्यांच्या आधी एक हलका, दबका आवाज येतो, तो अलिंदांच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, आकुंचनाचा. ठोका गळतो त्या रिकाम्या जागेत हाच दबका आवाज एकटा ऐकू आला, तर समजा की अलिंदांनी आपलं काम केलं, फक्त खालच्या कप्प्यांपर्यंत, म्हणजे निलयांपर्यंत, संदेश पोचू दिला गेला नाही. डॉक्टर याला दुसऱ्या श्रेणीचा एव्ही ब्लॉक म्हणतात. नाव भीतीदायक असलं तरी निरोगी, कमावलेल्या घोड्यांत हा नेहमी सापडतो. व्हेगस ही चेता विश्रांतीत हृदयाला लगाम घालते आणि घोड्यात तिचा जोर फार. रक्तदाब थोडा वर गेला की ती एखादा ठोका सोडून देते. घोडा पळाला, दचकला, घोडी दिसली, की लगाम सैल होतो आणि ताल घड्याळासारखा नियमित.

एका वयस्क मोतद्दारानं मला हे स्टेथोस्कोपशिवाय सांगितलं होतं. जबड्याच्या खालच्या कडेवर, जिथे धमनी हाडावरून वळते, तिथे दोन बोटं ठेवून म्हणाले, "बाई, हा चार देतो, एक खातो. पण खातो तो मोजून." निदान याहून नेमकं काय असतं! मोजून खाल्लेला ठोका चालतो. बेहिशेबी खाल्लेला चालत नाही. लागोपाठ दोन किंवा जास्त ठोके गळत असतील, तर मोजून असले तरी डॉक्टरांना दाखवा.

फिरवून आणल्यावर ऐकताना वेळेचं भान ठेवा. थांबवल्याबरोबर, वेग अजून वर असतानाच कान लावा. वेग उतरू लागला की चांगल्या घोड्याचंही हृदय काही काळ अडखळत उतरतं. बरेच जण नेमकं तेव्हा ऐकतात आणि घाबरतात.

ताल असा नसतोच, तेव्हा

दोन मिनिटं पायानं ताल धरायचा प्रयत्न केला आणि जमलंच नाही. तीन भराभर, मग लांब खंड, मग दोन, मग एक जोरात, एक कानाला कळला पण जबड्याखालच्या बोटांना नाही. आणि तो दबका अलिंदाचा आवाज कुठेच नाही. हे एट्रिअल फिब्रिलेशन. मी त्याला अलिंदांची थरथर म्हणते. घोड्याच्या कामगिरीवर परिणाम करणारा हा सगळ्यात नेहमीचा तालबिघाड.

फसवणारी गोष्ट ही, की उभ्या घोड्यात बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. खातो, पितो, चकाकतो. ठोक्यांची संख्याही नेहमीचीच. सवारी शाळेतल्या घोड्याला ही थरथर महिनोन्‌महिने असते आणि कुणाला पत्ता नसतो. शर्यतीच्या घोड्यात ती लगेच उघडी पडते: शेवटच्या टप्प्यात एकदम दम सुटतो, कधी नाकातून रक्त येतं. आणि विश्रांतीतच ठोके साठच्या वर असतील, तर नुसती थरथर समजू नका. मागे गळका झडपेचा पडदा किंवा थकलेलं हृदय आहे असं धरून चाला.

घोड्यालाच हे का होतं? हृदयाच्या आकारामुळे. चारशे किलोच्या घोड्याचं हृदय सुमारे चार किलोचं. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात १९३२ साली मेलेल्या फार लॅप या शर्यतीच्या घोड्याचं हृदय ठेवलं आहे, ते ६.२ किलो. माणसाचं तीनशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्या मोठ्या अलिंदात विजेच्या लहरींना भटकायला भरपूर जागा मिळते, आणि व्हेगसच्या जोरामुळे स्नायूची 'विश्रांती' आखूड होऊन तो लगेच पुन्हा उत्तेजित व्हायला तयार असतो. म्हणजे ऊतीत काहीही बिघाड नसताना थरथर सुरू होऊ शकते. १९११च्या सुमारास लंडनचे हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी अशा घोड्यांची थरथरणारी अलिंदं उघड्या डोळ्यांनी पाहिली आणि माणसांतला अनियमित ताल हाच, हे पक्कं करायला त्यांचा आधार घेतला. माणसाच्या हृदयरोगशास्त्रावर घोड्याचं हे एक ऋण आहे. कुणी आठवण काढत नाही.

तारीख लिहून ठेवा

या संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ताल बिघडलेला पहिल्यांदा कधी कळला आणि त्याआधी शेवटचा चांगला कधी ऐकला होता, या दोन्ही तारखा तबेल्याच्या वहीत लिहा. त्यासाठी महिन्यातून एकदा प्रत्येक घोड्याचं हृदय ऐकायची सवय लागते. नाल मारायचा दिवस मी त्यासाठी ठरवून दिला आहे, कारण तो चुकत नाही.

तारीख एवढी का महत्त्वाची? थरथर स्वतःच ऊती बदलते. १९९५ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथे शेळ्यांच्या अलिंदात यंत्रानं वारंवार थरथर सुरू केली गेली. सुरुवातीला ती काही सेकंदांत थांबायची. काही दिवसांत ती आपली आपण टिकू लागली. प्रत्येक थरथर पुढच्या थरथरीची सोय करून ठेवत होती. पुढे बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठात घोड्यांवरही याच अंगानं काम झालं.

बदल तीन टप्प्यांत होतात. पहिला विजेचा: पेशीत येणारा कॅल्शियमचा प्रवाह कमी होतो आणि विश्रांतीचा काळ आखडतो. दुसरा बळाचा: ताल परत आला तरी अलिंदं काही काळ लुळीच राहतात. हे दोन्ही बहुतांशी उलटतात. तिसरा रचनेचा, आणि तो उलटत नाही. अलिंद ताणून मोठं होतं, स्नायूपेशींच्या मधे कोलॅजनचे, म्हणजे वण ज्याचा बनतो त्या प्रथिनाचे, धागे साचत जातात, पेशींना एकमेकींशी जोडणारी सूक्ष्म दारं विस्कळीत होतात.

कोलॅजन वीज वाहून नेत नाही. सगळा घोळ तिथे आहे. पुण्यात रस्ता खोदला की वाहतूक गल्लीबोळांतून वळसे घेते आणि तुम्ही अर्ध्या तासानं पुन्हा त्याच चौकात उभे असता. वणाला वळसा घालणारी लहर अशीच उशिरा मागून येते, तोवर आधीचा स्नायू विश्रांती घेऊन तयार झालेला असतो, आणि ती त्याला पुन्हा पेटवते. मग चक्र सुरू. यासाठी मोठा वण लागतो असं नाही. धाग्याधाग्यानं पसरलेला बारीक वण एका ठसठशीत डागापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो, कारण त्यात वळसे जास्त.

म्हणून व्यवहार असा. नवी थरथर पुष्कळदा एक-दोन दिवसांत आपोआप थांबते. तेवढे दिवस घोड्याला आराम द्या, रक्तातलं पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासून घ्या (शर्यतीआधी लघवीची इंजेक्शनं देणाऱ्यांनी विशेष), आणि पुन्हा ऐका. दोन दिवसांनीही तशीच असेल तर घोड्यांचं हृदय बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. उपचार दोन: नळीनं पोटात दिलेलं क्विनिडिन, किंवा शिरेतून हृदयात तारा नेऊन भूल देऊन दिलेला विजेचा झटका. दुसरा मोजक्याच मोठ्या केंद्रांत होतो. क्विनिडिनला जुलाब, नाकाची सूज, कधी नवा आणि वाईट तालबिघाड असे दुष्परिणाम आहेत. ते देताना शेजारी ईसीजी चालू हवा. "औषध पाठवा, आम्ही देतो" हे चालणार नाही. थरथर चार महिन्यांपेक्षा जुनी असेल तर यश कमी आणि ती परतण्याची शक्यता जास्त. ते आकडे कळायला वहीतली तारीख लागते.

वण येतात कुठून

थरथरीनं होणारे बदल एक. पण बरेच वण बाहेरून आलेल्या घावाचे असतात.

तापातून उठलेला घोडा लवकर कामाला लावणं हे मला सर्वांत जास्त खटकतं. इन्फ्लुएन्झा किंवा स्ट्रँगल्स (घशाखाली गाठी आणणारा संसर्ग) झालेल्या घोड्याच्या हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. त्या अवस्थेत पळवलं तर सुजेच्या जागी स्नायू मरतो आणि वण भरतो. इन्फ्लुएन्झानंतरचा सरळ नियम: तापाचा जितका दिवस, तितका आठवडा आराम. तीन दिवस ताप, तर तीन आठवडे. लग्नसराईत हे ऐकायला कुणाला आवडत नाही, मला माहीत आहे.

दुसरं, कोंबडीखाद्य. पोल्ट्रीजवळच्या तबेल्यांत उरलेलं खाद्य चंदीत मिसळतात, प्रथिनं मिळतात म्हणून. त्यात पुष्कळदा मोनेन्सिन हे औषध असतं, कोंबड्यांना होणाऱ्या कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगासाठी. घोड्याला ते किलो वजनामागे दोन-तीन मिलिग्रॅमलाच मारक. कोंबडी याच्या कित्येक पट पचवते. हिशेब करा: चारशे किलोच्या घोड्याला सुमारे एक ग्रॅम, खाद्यात किलोमागे शंभर मिलिग्रॅम असेल तर ते आठ-दहा किलो खाद्यात येतं, आणि मिसळताना एका जागी साचलं असेल तर त्याहून खूप कमी खाद्यात. मोनेन्सिन पेशीत सोडियम घुसवतं, त्यामागून कॅल्शियम भरतं आणि स्नायूपेशी गुदमरून मरतात. जो मरतो त्याचं कारण निदान विचारलं तरी जातं. जो वाचतो तो 'बरा झाला' म्हणून कामाला लागतो आणि महिन्यांनी धावताना कोसळतो, कारण मेलेल्या पेशींच्या जागी वण भरलेला असतो. गुरांच्या काही खाद्यांतही हे असतं. पोत्यावरची चिठ्ठी वाचा. चिठ्ठी नसलेलं पोतं घोड्यापुढे नकोच.

तिसरी कण्हेर. आपल्याकडे महामार्गाच्या दुभाजकात, शाळेच्या कुंपणाला, देवळाच्या परसात, सगळीकडे. छाटलेल्या फांद्या वाळून गवताच्या पेंढीत येतात, आणि वाळल्यानं विष जात नाही. मूठभर पानं एका घोड्याला पुरतात. तालबिघाड तर होतोच, वर स्नायूही मरतो. पेंढी सोडून, पसरून, मगच टाका.

बाकी जंतांच्या अळ्यांमुळे रक्तवाहिन्यांत होणाऱ्या गाठी, शिंगरांत सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता, गळकी मायट्रल झडप. शेवटची महत्त्वाची: झडप गळते, डावं अलिंद फुगतं, फुगलेल्या भिंतीत कोलॅजन साचतं, आणि मग जी थरथर येते ती औषधानं थांबली तरी परत यायला बघते.

कागद, रक्त, पडदा

ईसीजीला माणसांचं साधं यंत्र चालतं. लाल चिमटा मानेच्या उजव्या खोबणीत खालच्या बाजूला, पिवळा डाव्या छातीवर कोपरामागे, बाकीचे दूर कुठेही, आणि यंत्र लीड एकवर. चिमट्याखालचे केस स्पिरिटनं भिजवा. मोबाइलला जोडायची छोटी पट्टीही डाव्या छातीवर उभी धरून चालते. केस ओले मात्र हवेत.

कागदावर अलिंदाची पी लहर शोधा. घोड्यात ती बरेचदा दोन शेंड्यांची असते, ते ठीकच. पी आहे पण तिच्यामागून मोठी लहर आली नाही: ब्लॉक. पी नाहीच, रेघ बारीक थरथरते, मोठ्या लहरी आकारानं सारख्या पण अंतरानं विस्कळीत: अलिंदांची थरथर. मधेच रुंद, वेडीवाकडी, वेळेआधी आलेली लहर: ती निलयातून आली. एखादी दिसली तर पुन्हा तपासा. ओळीनं आल्या किंवा वेगवेगळ्या आकारांच्या आल्या, तर त्याच क्षणापासून खोगीर बंद.

माणसांच्या डॉक्टरांसारखं लहरीच्या उंचीवरून हृदय मोठं झालंय का हे मात्र ठरवू नका. घोड्यात वीज पोचवणारे पुर्किंजे तंतू निलयाच्या भिंतीत जवळजवळ आरपार गेलेले असतात, त्यामुळे भिंत एकदम सगळीकडून पेटते आणि कागदावर तिच्या जाडीचा हिशेब उतरत नाही. आकार बघायला सोनोग्राफीच लागते.

रक्तात ट्रोपोनिन बघा, म्हणजे हृदयाच्या स्नायूतून रक्तात सांडणारं प्रथिन. ते वाढलेलं असेल तर स्नायू आत्ता मरतो आहे. नॉर्मल आलं तर जुना वण नाही, असं मुळीच सिद्ध होत नाही. ट्रोपोनिन काही दिवसांत उतरतं, वण राहतो. सोनोग्राफीत मोठा डाग किंवा न हलणारी भिंत दिसेल, पण धाग्याधाग्यानं पसरलेला वण दिसत नाही. माणसांत एमआरआय तो दाखवतो. मोठ्या घोड्याची छाती त्या यंत्रात मावत नाही. तेव्हा जिवंत घोड्यात वणाचा अंदाजच करायचा असतो: इतिहास, ट्रोपोनिन, अलिंदाचा आकार आणि सर्वांत मोलाचा, धावतानाचा ईसीजी. थरथर असलेल्या घोड्यावर जाणत्या प्रौढ स्वारानं हलकी सवारी करायला काही वेळा हरकत नसते, पण तो निर्णय धावतानाचा कागद पाहून. ठोके मिनिटाला २२० च्या वर उसळत असतील किंवा निलयाच्या ठोक्यांच्या ओळी येत असतील, तर नाही. आणि लहान मूल त्या पाठीवर कधीच नाही.

घोडा गेलाच तर

घोडा पळता पळता पडून गेला, तर चाकू लावायच्या आधी नाक, तोंड, गुदद्वार पाहा. न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर थांबा; अँथ्रॅक्सची शंका. कानाच्या शिरेतलं रक्त काचेवर घेऊन तपासल्याशिवाय शव उघडायचं नाही. नाकात गाठी-व्रण असतील तर ग्लँडर्स, ती माणसालाही लागते. दोन्हीत आधी पशुसंवर्धन विभागाला कळवा.

ती शंका नसेल तर घाई करा. दख्खनच्या उन्हात शव भराभर कुजतं आणि कुजलेल्या स्नायूत खरा बदल कोणता ते मग कुणालाच सांगता येत नाही. हृदय काढा, रक्ताच्या मार्गानं उघडा, गुठळ्या धुवा आणि मग तोला. शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास अपेक्षित. शर्यतीच्या घोड्यात थोडं वर. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. फिकट पट्टे, पांढरे चट्टे, फुगलेलं अलिंद, जाड झडपा नोंदवा.

अख्खं हृदय फॉर्मलिनच्या बरणीत बुडवून पाठवू नका. बाहेरचा भाग टिकतो, आतला सडतो. अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे घ्या आणि त्यांच्या दहापट दहा टक्के फॉर्मलिनमध्ये टाका. कुठून घ्यायचे ते महत्त्वाचं: दोन्ही अलिंदांच्या भिंती, वरची महाशीर उजव्या अलिंदाला मिळते ती जागा, कारण ताल तिथून निघतो, दोन अलिंदांमधल्या पडद्याचा खालचा भाग निलयांच्या पडद्याच्या वरच्या टोकासकट, कारण संदेश तिथून खाली उतरतो, दोन्ही निलयांच्या भिंती, पडदा, टोक आणि डाव्या निलयातला पॅपिलरी स्नायू. प्रत्येक तुकडा वेगळ्या बरणीत, नाव पेन्सिलनं. शाईनं लिहिलेलं फॉर्मलिनमध्ये पुसतं. लोक फक्त डाव्या निलयाचा एक गुबगुबीत तुकडा पाठवतात आणि "हृदयात काही सापडलं नाही" असा अहवाल येतो. सापडेल कसं? जिथून ताल निघतो ती जागा तुम्ही खड्ड्यात पुरलीत.

प्रयोगशाळेच्या अर्जात 'मॅसन ट्रायक्रोम' हा रंग मागा. त्यात स्नायू लाल आणि कोलॅजन निळा दिसतो. नेहमीच्या रंगात दोन्ही गुलाबी, आणि बारीक वण निसटतो. सोबत तापाचा इतिहास, खाद्याचं पोतं कुठलं, आणि वहीतल्या त्या दोन तारखा लिहा.

अहवाल आल्यावर वाचताना सावध. ताजा घाव सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला काही तास लागतात. जो घोडा अर्ध्या मिनिटात गेला त्याच्या स्नायूला बदल दाखवायला वेळच मिळालेला नसतो. त्यामुळे 'निष्कर्ष नाही' हाही खरा निष्कर्ष असू शकतो. उलट, पिकल्या वयाच्या, कधीही न चुकलेल्या घोड्याच्या हृदयातही छोटे वण मिळतात. अहवालात नुसतं 'फोकल फायब्रोसिस' (एखाद्या जागी वण) लिहिलं असेल तर त्याच्यावर मृत्यूचं खापर फोडू नका. पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचारा: कुठल्या बरणीत होतं, किती पसरलं होतं, आणि आसपास सूज ताजी होती की नुसताच जुना वण.